सूचिपर्णी वृक्ष, ऋतुमान आणि अवर्षण

कळंबोलीच्या परिसरात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. पनवेल तालुक्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि आषाढ-श्रावणात खाचरे तुडुंब भरलेली असतात. परंतु हा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. आश्विन सरला की पुढील सात-आठ महिने आभाळातून विश्वासाने एक थेंबही मागता येत नाही. भाताचे पीक तोपर्यंत घरात आलेले असते, म्हणून हा वार्षिक दुष्काळ शेतकऱ्याच्या नजरेत भरत नाही. झाडास मात्र तो दरवर्षी सोसावा लागतो. बांधावर, वरकस जमिनीवर अथवा रस्त्याच्या कडेस लावलेले रोप पावसाळ्यात क्वचितच मरते. ते मरते माघापासून वैशाखापर्यंत.

रोप मेले की पाणी कमी पडले असे सांगितले जाते. हे कारण खरे असते, पण पुरे नसते. एकाच बांधावर, एकाच दिवशी लावलेल्या, सारखेच पाणी मिळालेल्या एकाच जातीच्या दोन रोपांपैकी एक तगते आणि दुसरे वाळते, हा अनुभव आपणांपैकी प्रत्येकास आहे. या फरकाचे मूळ पुष्कळदा आळ्यात नसून बियाण्यात असते. ज्या झाडाचे ते बी, ते झाड कोणत्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढले, यावर रोपाची सहनशक्ती बऱ्याच अंशी ठरते. या विषयाचा सर्वांत जुना व सर्वांत सखोल अभ्यास थंड प्रदेशांतील सूचिपर्णी वृक्षांवर झालेला आहे. हे वृक्ष आपल्या भागातील नव्हेत, तरी त्यांच्यावरून जे कळले ते आपल्या सागास व सुरूसही बरेचसे लागू पडते. म्हणून हा पाठ.

सूचिपर्णी म्हणजे कोणते झाड

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अलिबाग, नागाव, काशीद येथील किनाऱ्यावरची सुरूची बने पाहून पुष्कळ लोक सुरूस पाइनच समजतात. सुरू सूचिपर्णी नव्हे. त्याची जी सुई आपण पाहतो ते पान नसून हिरवी, सांधेदार डहाळी असते. ती दोन्ही हातांनी ओढावी. सांध्यावर सुटते आणि सांध्याभोवती बारीक दातांचे कडे दिसते. हे दात, सहसा सहा ते आठ, हीच सुरूची खरी पाने. अंदमानापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांचे हे झाड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारकडे १८६८ च्या सुमारास जळणासाठी लावण्यात आले व तेथून सर्वत्र पसरले. त्यास फूल येते, बी फळात झाकलेले असते. त्या दृष्टीने ते आंब्या-फणसाच्याच मोठ्या गटात मोडते.

खरा सूचिपर्णी वृक्ष पाहावयाचा तर शाळेच्या आवारातील मोरपंखीकडे जावे. मुले तिची चपटी डहाळी ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपून ठेवतात. ही मोरपंखी मूळची चीनकडील असून तिकडील कोरड्या डोंगरांवर वनीकरणासाठी ती लावतात. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकले जाणारे अरोकॅरिया, हिमालयातील चीड व देवदार, युरोप-अमेरिकेतील पाइन, स्प्रूस व फर हे सर्व याच कुळीचे. यांच्या बियांवर फळाचे आवरण नसते. शंकूच्या खवल्यांवर त्या उघड्या बसलेल्या असतात. महाराष्ट्राच्या रानात देशी सूचिपर्णी वृक्ष आढळत नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे नागेया नावाचा एकच आहे, आणि गंमत अशी की त्याचे पान सुईसारखे नसून चांगले रुंद असते. नावावर फार विसंबू नये, हे यावरून दिसेल.

या वृक्षांचा अभ्यास इतक्या काळजीने का झाला, याचे कारण व्यवहारातले आहे. भाताचे बियाणे चुकले तर चार महिन्यांत कळते व पुढील वर्षी सुधारता येते. पाइनचे बियाणे चुकले तर ते कधी कधी चाळीस वर्षांनी कळते. तोपर्यंत लावणारा मनुष्यच हयात असेल याची खात्री नाही.

भाताचे पंचांग व झाडाचे पंचांग

हळवे, निमगरवे आणि गरवे भात यांतील भेद शेतकरी बंधूंस सांगावयास नको. जुन्या गरव्या जातींचा एक विशेष मात्र ध्यानात घ्यावा. पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली तरी गरवे भात निसवते ते जवळजवळ त्याच सुमारास. याचे कारण ते भात दिवस मोजत नसून रात्र मोजते. पावसाळा उतरणीस लागला की दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागते. रात्र ठराविक मर्यादेपलीकडे लांबली की रोपास आतून आज्ञा होते आणि पोटरी धरते. जया, रत्ना यांसारख्या अलीकडील जाती या रात्रीस फारशा जुमानीत नाहीत. त्या आपल्या वयाप्रमाणे निसवतात. म्हणजे रात्र मोजण्याचा गुण बियाण्यात असतो व तो निवडीने ठेवता किंवा काढता येतो.

सूचिपर्णी वृक्ष हेच करतात, फक्त त्यांना लोंबी आणावयाची नसते, वाढ थांबवावयाची असते. हिवाळ्यात बर्फ पडण्यापूर्वी शेंडा बंद करून, त्यावर खवल्यांची घट्ट कळी बांधून, खोडाची लवचीक नवी वाढ कठीण करून ठेवली पाहिजे. हे काम थंडी आल्यावर करू म्हटले तर उशीर होतो. म्हणून वृक्ष थंडीची वाट पाहत नाही. हवा अजून उबदार असतानाच तो रात्रीची लांबी पाहून निर्णय घेतो. पानातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे त्याचे घड्याळ होय.

आता पनवेलचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. स्वीडनच्या उत्तर भागात ज्येष्ठाच्या सुमारास सूर्य जवळजवळ मावळतच नाही. त्यामुळे उत्तरेकडील पाइनला थोडीशी रात्र वाढलेली दिसली तरी तो शेंडा बंद करतो. दक्षिणेकडील पाइन त्याच रात्रीस अजून उन्हाळाच समजतो. दोघांचे बी एकाच वाफ्यात पेरले तरी दोघे आपापल्या गावच्या पंचांगाप्रमाणे वागतात. एकाच वाफ्यात पेरून पाहणे हीच या शास्त्राची मुख्य पद्धत आहे. माती एक, पाणी एक, हवा एक. तरीही जो फरक उरतो तो बियाण्याचा.

ही पद्धत जुनी आहे. फ्रान्समध्ये व्हिल्मोरँ या बियाण्याच्या व्यापारी घराण्यातील एका गृहस्थांनी १८२० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या देशांतील स्कॉट्स पाइनचे बी आणवून ले बार या आपल्या जमिनीवर शेजारी शेजारी लावले आणि वाढीत, खोडाच्या सरळपणात वंशपरंपरेने चालणारे भेद पडतात हे दाखविले. पुढे स्वीडनमध्ये ओलोफ लँगलेट यांनी १९३६ मध्ये ५८२ ठिकाणच्या पाइनच्या रोपांची तुलना करून असे मांडले की, हे भेद एका गावाहून दुसऱ्या गावी तुटक बदलत नाहीत. उत्तरेकडे जाता जाता, डोंगर चढता चढता ते हवेप्रमाणे हळूहळू बदलत जातात. पाइनचे परागकण वाऱ्यावर कोसच्या कोस जातात, तेव्हा सर्व रक्त मिसळून एकसारखे व्हावयास हवे होते. तसे होत नाही, कारण जे रोप स्थानिक हवेस जुळत नाही ते लहानपणीच मरते व त्याचे बी पुढे जात नाही. ही निवड प्रत्येक पिढीत, कोणी न करता, चालू असते.

चूक कळावयास किती वर्षे लागतात, याचे उदाहरण फ्रान्सच्याच नैर्ऋत्येकडील लांद या प्रदेशाचे आहे. तेथे समुद्रकाठच्या रेताड जमिनीवर सागरी पाइनची विस्तीर्ण लागवड आहे. १९४० ते १९५० च्या दशकात तेथे मोठे वणवे लागून पुष्कळ वन जळाले. पुन्हा लागवड करण्यास घरचे बी पुरेना, म्हणून पोर्तुगालकडील त्याच जातीचे बी आणण्यात आले. जात तीच, दिसावयास तीच, उगवणही चांगली. तीन दशके ही झाडे उभी राहिली व कोणास शंका आली नाही. मग जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याची थंडी पडली, पारा शून्याखाली वीस अंशांच्या जवळपास उतरला, आणि परक्या बियाण्याची सुमारे तीस हजार हेक्टर लागवड नष्ट झाली. शेजारची स्थानिक बियाण्याची झाडे त्या थंडीतून पुष्कळ अंशी निभावली. ज्यांनी बी आणले त्यांची बेइमानी नव्हती. बियाण्याच्या पोत्यावर जातीचे नाव बरोबर होते. फक्त गाव विचारले गेले नव्हते.

अवर्षण कसे सोसले जाते

थंडीपेक्षा आपणांस अवर्षणाचा प्रश्न जवळचा. झाडाच्या खोडात पाण्याचा एक अखंड धागा मुळापासून पानापर्यंत ताणलेला असतो. पानातून वाफ निघते तसा तो धागा वर ओढला जातो. माती कोरडी झाली की ताण वाढतो. फार वाढला तर धागा तुटून नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. पंपाच्या नळात हवा भरली की पाणी चढत नाही, तसेच हे. पुष्कळ नळ्या अशा गेल्या की फांदी वाळते, आणि नंतर कितीही पाणी घातले तरी ती परत येत नाही. वैशाखात झाड ‘एकाएकी’ गेले असे आपण म्हणतो, पण त्याच्या नळ्या फाल्गुनापासून तुटत आलेल्या असतात.

सूचिपर्णी वृक्षांच्या नळ्या आखूड व अरुंद असतात. एका नळीतून दुसरीत पाणी जाण्यास बारीक भोके असतात व प्रत्येक भोकावर एक चकती असते. शेजारच्या नळीत हवा शिरली की ती चकती सरकून भोक बंद करते. सायकलच्या व्हॉल्व्हची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. शिवाय सुईवर मेणाचा थर असतो व पर्णरंध्रे खोलगट जागी बसलेली असतात. रंध्रे मिटण्याची आज्ञा ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाकडून मिळते.

रंध्रे केव्हा मिटावयाची यावरून झाडांचे दोन स्वभाव दिसतात. काही झाडे ताण जाणवताच दार लावून घेतात. पाणी वाचते, पण अन्न तयार होणेही थांबते व साठ्यावर जगावे लागते. दुसरी दार उघडे ठेवतात व मोठा ताण सहन करतात; त्यासाठी त्यांच्या नळ्या तशा मजबूत असाव्या लागतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात २००२-०३ च्या अवर्षणात दार लावून बसणारे पिन्यॉन पाइन लाखोंनी वाळले. अशक्त झालेल्या झाडांत राळ कमी पडली, मग साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी उरलेले काम केले. त्यांच्याच शेजारचे, दार उघडे ठेवणारे जूनिपर मात्र बहुतेक वाचले. म्हणजे पाणी वाचविणारेच झाड नेहमी तगते असे नाही. दुष्काळ थोड्या आठवड्यांचा असेल तर पहिला स्वभाव बरा. तो महिनोन्‌महिने लांबला तर दुसरा.

हे दोन निराळ्या झाडांचे झाले. एकाच जातीतील भेद पाहावयाचा तर डग्लस फरचे उदाहरण घ्यावे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्वताच्या समुद्राकडील बाजूस, पाऊस भरपूर असतो. पर्वतापलीकडे आत कोरडा मुलूख लागतो. आपले कोकण व देश यांच्यासारखाच हा प्रकार. किनाऱ्याकडील डग्लस फर झपाट्याने वाढतो व प्रचंड होतो. आतील भागातील डग्लस फर सावकाश वाढतो, पण थंडी व कोरड दोन्ही अधिक सोसतो. एकाच शेतात दोन्ही लावले असता ओलाव्याच्या वर्षी किनाऱ्याचे रोप पुढे जाते, अवर्षणाच्या वर्षी तेच आधी मान टाकते. ज्या ठिकाणी उन्हाळा कोरडा असतो तेथील रोपे शेंडाही लवकर बंद करतात. पाणी संपण्यापूर्वीच दुकान आवरून घेतात. येथे ऋतूचे पंचांग आणि अवर्षणाची सोय एकमेकांत गुंतलेली दिसतात.

टेक्सासमध्ये बॅस्ट्रॉप येथे लॉब्लॉली पाइनचे एक बेट आहे. या जातीच्या मुख्य वनापासून ते पश्चिमेकडे दूर, कोरड्या मुलखात तुटून राहिलेले आहे, म्हणून त्यास ‘हरवलेले पाइन’ म्हणतात. येथील रोपे कोरड चांगली सोसतात हे माहीत असल्याने त्यांचे बी वेगळे जतन केले जात असे. २०११ च्या भीषण अवर्षणात तेथे वणवा लागला व त्या बेटाचा मोठा भाग जळाला. पुन्हा लागवडीच्या वेळी शीतगृहात पडून असलेले तेच जुने बी कामी आले.

आपल्या देशातील चीडही येथे सांगण्याजोगा आहे. तो सदाहरित असला तरी हिमालयात पावसापूर्वीचा उन्हाळा कोरडा जातो, तेव्हा चैत्र-वैशाखात पुष्कळ जुन्या सुया गाळतो. कर्नाळ्याच्या डोंगरावरील साग व ऐन पाने टाकतात तेही वाफेची वाट बंद करण्यासाठीच. कोरड्या मुलखातील साग पाने आधी टाकतो, ओलाव्याच्या मुलखातील उशिरा. युक्ती एकच, प्रमाण निराळे.

गुण एका ठिकाणी नसतो

‘अवर्षण सोसणारा गुण’ हा जणू एखादा दाणा आहे व तो काढून दुसरीकडे टाकता येईल, असा समज अलीकडे पसरला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २०१३ मध्ये नॉर्वे स्प्रूसच्या संपूर्ण आनुवंशिक लेखाचे वाचन प्रसिद्ध झाले. तो लेख सुमारे दोन हजार कोटी अक्षरांचा, मनुष्याच्या लेखाच्या सहापटींहून मोठा, निघाला. त्यातील प्रत्यक्ष जनुके मात्र सुमारे अठ्ठावीस हजारच. बाकी बहुतेक भाग पुनःपुन्हा उमटलेल्या मजकुराचा. पुढील वर्षी लॉब्लॉली पाइनचा लेख वाचला गेला. तो याहूनही थोडा मोठा आहे.

अशा प्रचंड लेखात थंडी व कोरड यांच्याशी संबंधित जागा शोधल्या असता त्या एक-दोन नसून पुष्कळ सापडतात व प्रत्येकीचा वाटा लहान असतो. कॅनडाच्या पश्चिम भागातील लॉजपोल पाइन आणि तेथील स्प्रूस यांवरील संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन झाडे एकमेकांपासून चौदा कोटी वर्षांहून अधिक काळ वेगळी झालेली. तरीही स्थानिक हवेशी जुळवून घेण्यात दोहोंत समान अशी ४७ जनुके आढळली. निसर्गाने दोन वेगळ्या घराण्यांत बऱ्याच अंशी तीच हत्यारे वापरली. लहान लहान वाट्यांचे हे गाठोडे एकत्रच राहते ते फक्त त्या त्या जागच्या झाडांत, आणि म्हणून सामान्य शेतकऱ्यास ते मिळविण्याचा सोपा मार्ग योग्य ठिकाणचे बी हाच होय.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण ग्रामकार्यकर्त्यांच्या बोलण्यातही त्याची गल्लत होते. एखादे रोप कोरड पडताच रंध्रे मिटते, मुळे खोल सोडते, पेशींचे रक्षण करणारी प्रथिने तयार करते. ही त्या रोपाची हयातीतील प्रतिक्रिया. हे करण्याची कुवत किती व ते केव्हा सुरू करावयाचे, हे मात्र वंशातून आलेले असते. रोपवाटिकेत रोप कणखर करता येते. त्यामुळे त्याचा वाण बदलत नाही.

या दोहोंच्या मधली एक विचित्र गोष्ट नॉर्वेत आढळून आली. थंड भागातील स्प्रूसची झाडे बियाण्यासाठी उबदार बागेत आणून वाढविली. त्यांच्या बियांपासून झालेली रोपे, आईबाप थंड भागातले असूनही, शेंडा उशिरा बंद करू लागली. बी भरत असताना शंकूस जी ऊब मिळाली तिची खूण रोपात राहिली होती. जनुकांची अक्षरे तीच, परंतु कोणते पान केव्हा उघडावयाचे ही खूण बदललेली. बियाण्याचे गाव विचारताना झाडाचे मूळ गाव व बी भरले ते गाव, दोन्ही विचारावी लागतात, ते यामुळे.

आपल्या कामी याचा उपयोग

कळंबोलीची बरीचशी भातखाचरे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या वसाहतीखाली व लोखंड बाजाराखाली गेली. आता येथे वृक्षलागवड होते ती बहुधा भरावाच्या जमिनीवर. खाली खाडीची खारट चिकणमाती, वर मुरूम व दगड. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात तीच जमीन भाजून निघते. अशा जागी काही वर्षांपूर्वी एका लागवडीत मी स्वतः भाग घेतला होता. सागजड्या एका रोपवाटिकेतून आणल्या. चिठ्ठीवर जातीचे नाव व दर एवढेच होते. बी कोठले हे आम्ही विचारले नाही, आणि विचारले असते तरी सांगता आले असते असे वाटत नाही. पहिल्या पावसाळ्यात वाढ पाहून सर्वांना समाधान वाटले. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत निम्म्याहून अधिक ओळी रिकाम्या झाल्या. जमीन वाईट होती हे खरेच. पण दोष केवळ जमिनीचा होता की बियाण्याचाही, हे ठरविण्यास आमच्याजवळ काहीच साधन नव्हते. नोंदच नव्हती. मला त्या रोपांपेक्षा या गोष्टीचे वाईट अधिक वाटते.

भाताच्या बाबतीत आपण असे वागलो नाही. खारजमिनीत टिकणारे राता भात येथील शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या राखले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्यातून काळा राता व भुरा राता यांच्या निवडी केल्या, आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. खारीत लावावयाचे भात कोणी विदर्भातून मागवीत नाही. साग मागविताना मात्र नीलांबूरचा की आलापल्लीचा हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. नीलांबूर केरळातील ओलाव्याच्या मुलखात व आलापल्ली गडचिरोलीच्या रानात. दोन्ही सागांची कीर्ती मोठी, पण त्यांची पंचांगे निराळी.

यास्तव रोपे घेताना तीन प्रश्न विचारावेत : बी कोणत्या गावच्या झाडांचे, ती झाडे रानातली की लावलेली, आणि किती झाडांवरून बी गोळा केले. तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. रस्त्यालगतच्या एकाच भरगच्च झाडाखालून पोते भरून घेणे सोपे असते. परंतु मग सर्व रोपे एका आईची होतात आणि त्या आईत जो उणेपणा असेल तो सर्वांत उतरतो. बी स्वतः गोळा करावयाचे तर पंचवीस-तीस निरोगी झाडांवरून, ती एकमेकांपासून पन्नास ते शंभर मीटर दूर असतील अशी पाहून, थोडे थोडे घ्यावे व एकत्र मिसळावे. रानातून बी घेण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. कर्नाळा हे अभयारण्य आहे. तेथून काहीही उचलू नये. भोवतालच्या गावांतील मालकी वरकसावर चांगली झाडे आहेत.

हवामान बदलत आहे, मग जुन्या गावचेच बी धरून बसावे काय, असा प्रश्न एका तरुण शेतकऱ्याने विचारला, व तो रास्त आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ पासून लागवडीचे बी ठरविताना त्या जागेचे पुढील काळातील हवामान विचारात घेऊन थोड्या उष्ण भागातील बी आणण्याची पद्धत सुरू झाली. त्यांच्याजवळ अनेक दशकांच्या चाचण्यांच्या नोंदी आहेत म्हणून हे धाडस त्यांना परवडते. आपल्याजवळ त्या नाहीत. माझे मत असे की मुख्य लागवड जवळच्या बियाण्याची करावी आणि घाटमाथ्यापलीकडील कोरड्या भागातील त्याच जातीच्या बियाण्याची एक ओळ केवळ परीक्षेसाठी लावावी. लांदच्या शेतकऱ्यांनी परके बी एवढ्या मोठ्या क्षेत्रावर न घालता परीक्षेपुरतेच घातले असते तर त्यांचे नुकसान एका ओळीपुरते झाले असते.

कणखर करण्याविषयी दोन शब्द. सावलीच्या जाळीखाली, दररोज झारीने पाणी मिळालेले रोप हिरवेगार दिसते व लवकर विकले जाते, पण त्याची मुळे उथळ व पाने कोवळी असतात. लावणीपूर्वी एक महिना जाळी टप्प्याटप्प्याने काढावी. पाणी एकदम तोडू नये. रोजचे एक दिवसाआड करावे, मग पान किंचित मलूल दिसेपर्यंत थांबून द्यावे. सूचिपर्णी वृक्षांच्या रोपवाटिकांत हेच करतात, शिवाय काळ्या कापडाने झाकून रात्र कृत्रिम रीतीने लांबवितात म्हणजे रोप वेळेपूर्वी शेंडा बंद करते. आपल्या रोपांना कापडाची गरज नाही. लावणी पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर उरकावी, म्हणजे मुळांना कोरडीपूर्वी चार महिने मिळतात.

परीक्षेची ओळ लावताना एक पथ्य पाळावे. जवळचे बी बांधाच्या खालच्या ओल्या अंगास व दूरचे वरच्या कोरड्या अंगास असे करू नये. मग जमिनीचा फरक की बियाण्याचा हे कळणार नाही. एक रोप इकडचे, एक तिकडचे असे आलटून पालटून लावावे, पाणी सारखे द्यावे, आणि खुंट्यांवर रंगाच्या दोन खुणा कराव्यात. वहीत प्रत्येक झाडापुढे चार रकाने पुरेत : पाने गाळावयास सुरुवात झाली ती तारीख, नवी पालवी फुटली ती तारीख, वैशाख अखेर झाड जिवंत आहे की नाही, आणि दिवाळीनंतर मोजलेली उंची. उंची पहिल्या वर्षी मोजली तरी तीवरून काही ठरवू नये. डग्लस फरचे उदाहरण आठवावे. तीन उन्हाळे गेल्यावर ती वही पनवेलच्या तालुका कृषी कार्यालयात आणून दाखवावी. रोपे मेली असली तरी आणावी. मेलेल्या रोपाची तारीखही नोंदच आहे.